पहिलीच्या वर्षभरात मूल नेमकं काय शिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी येत्या जूनमध्ये गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बसणार. अंगणवाडीत गेली आहे, गाणी भरपूर येतात, पण अक्षरं ओळखत नाही. जाऊबाईंचा मुलगा शहरात सीनियर केजीत आहे आणि तो शंभरपर्यंत आकडे लिहून दाखवतो. पहिलीत वर्षभर काय चालतं, आपली मुलगी मागे पडेल का, आणि सुट्टीत घरी काय घ्यायचं?

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पहिलीचाच वर्ग घेते. तेव्हा आधी तुमच्या काळजीचं सांगते. तुमची मुलगी मागे पडणार नाही. जिला गाणी येतात, गोष्ट ऐकता येते आणि घरात काय घडलं ते सांगता येतं, ती पहिलीसाठी चांगली तयार आहे. अक्षरं शिकवणं हे पहिलीचंच काम आहे. ती घरून शिकून यावीत अशी अपेक्षा आमची नसते आणि अभ्यासक्रमाचीही नाही.

वर्षाअखेरी कुठे पोचायचं ते ठरलेलं आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात इयत्तावार लक्ष्यं दिली आहेत. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत, तीही आधी न पाहिलेल्या मजकुरातली. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी जमावी. एवढंच. ऐकायला कमी वाटतं. पण ‘आधी न पाहिलेला मजकूर’ या अटीत सगळं वर्ष सामावलेलं आहे. पाठ झालेला धडा घडाघडा म्हणणारी मुलं पुष्कळ असतात. नवं वाक्य समोर ठेवलं की त्यातली बरीच थांबतात.

आता वर्ष कसं जातं ते सांगते.

जूनच्या मध्याला शाळा उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. त्याच्या आधीच शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, त्याला मुलीला घेऊन जरूर जा. तिथे टेबलं मांडलेली असतात. एका ठिकाणी उड्या मारायच्या, एका ठिकाणी चित्र पाहून बोलायचं, एका ठिकाणी वस्तूंची वर्गवारी करायची. ती परीक्षा नसते. मूल कुठे रमतं आणि कुठे बिचकतं हे आम्हालाही कळतं आणि आईलाही.

त्यानंतरचे पहिले तीन महिने विद्याप्रवेश नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. खेळ, गाणी, गोष्टी, चित्रं, मातीकाम, ठसेकाम. याच काळात पालक सगळ्यात जास्त अस्वस्थ होतात. ‘बाई, महिना झाला, वही कोरीच आहे’ हे मी दर जुलैला ऐकते. मला हेच तीन महिने सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण मुलं तेव्हा आधी शाळेत राहायला शिकतात. बाईंना नाव घेऊन हाक मारायची, शू लागली तर सांगायचं, रांगेत थांबायचं, आपली चप्पल ओळखून घालायची, दुसऱ्याचा खडू मागून घ्यायचा, हिसकावायचा नाही. दुपारी पोषण आहार असतो, प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. घरी भरवून घेणारी मुलं इथे शेजारच्याचं बघून स्वतःच्या हाताने जेवायला लागतात. ज्या मुलाला वर्गात सुरक्षित वाटत नाही त्याला मी काहीही शिकवू शकत नाही, हे पक्कं अनुभवाने सांगते.

दुसरं, हात तयार होतो. पेन्सिल धरायला बोटांत बळ लागतं. मातीचे गोळे वळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यातून ते येतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्याच आठवड्यात बारीक रेघांची वही दिली तर ते मुठीत पेन्सिल आवळतं, मान वाकडी करतं आणि पाच ओळींत थकतं. मग लिहिणं म्हणजे शिक्षा हे त्याच्या मनात बसतं. आम्ही पाटीवर, जमिनीवर, खडूने, मोठं मोठं लिहून घेतो.

तिसरं, बोलणं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. मुलं घरची बोली घेऊन येतात. कोणी अहिराणी बोलतं, कोणी वऱ्हाडी, तांड्यावरची मुलं गोरबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली आणि पावरी. आपल्या सातारा-सांगलीकडेही घरातलं बोलणं आणि पुस्तकातलं बोलणं एक नसतं. मूल म्हणतं, ‘बाई, आमची म्हस व्याली.’ त्याला तिथेच ‘म्हैस म्हण’ असं तोडलं की ते गप्प होतं आणि पुढे बरेच दिवस गप्पच राहतं. त्यापेक्षा विचारावं, कधी व्याली, रेडकू कसंय, खरवस खाल्लास का. तो पाच वाक्यं बोलतो, बाकीची त्यात भर घालतात. मी फळ्यावर म्हशीचं चित्र काढून खाली शब्द लिहिते. पुस्तकातला शब्द त्याच्या कानावर आपोआप पडत राहतो. ज्याला बोलता येतं त्यालाच वाचलेलं समजतं.

अक्षरं साधारण सप्टेंबरपासून जोमाने सुरू होतात. ती ‘अ आ इ ई’च्या क्रमाने आली नाहीत म्हणून घाबरू नका. जुन्या काळी ‘ग म भ न’ शिकवायचे, कारण वळणं एकातून एक निघतात. हल्ली आम्ही अक्षरांचे गट घेतो: चार-पाच अक्षरं आणि त्यांच्यासोबत काना. समजा क, म, न, ल, ब आणि काना एवढंच आलं, तर त्यातून काम, नाक, कान, मान, लाल, मामा, काका, बाबा असे कितीतरी शब्द होतात. मुलाला दुसऱ्याच आठवड्यात खरा शब्द वाचता येतो. वर्णमालेच्या क्रमाने गेलं तर तेवढ्याच वेळात त्याच्या हाती एकही नीट शब्द पडत नाही.

यातली अवघड जागा बाहेरून दिसत नाही, म्हणून सांगते. मूल ‘ब’ ओळखतं, ‘द’ ओळखतं, ‘क’ ओळखतं. समोर ‘बदक’ लिहिलं की म्हणतं, ‘ब… द… क…’ आणि थांबतं. विचारलं, काय झालं? तर म्हणतं, ‘बगळा’! कारण वर चित्र आहे आणि त्याला तो पक्षी बगळा वाटला. सुटी अक्षरं येणं आणि त्यांचा शब्द होणं यांत मोठी उडी आहे. आपण ‘बदक’ म्हणताना शेवटचा ‘क’ तोडून म्हणतो, ‘ब-दक’. ‘गडबड’ म्हणताना ‘गड-बड’. लिहिताना मात्र सगळी अक्षरं सारखीच दिसतात. कुठे जोर द्यायचा आणि कुठे तोडायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते कानाने पकडावं लागतं. म्हणून आधी ‘घर, नळ, वड, बस’ असे दोन अक्षरी शब्द टाळी वाजवत घेतो, मग तीन अक्षरी, मग ‘गडबड, खटपट, पळापळ’. टाळ्या वाजवत हे शब्द म्हणायला मुलांना फार आवडतं. तिथे वाचन पक्कं होतं.

दुसरी अवघड जागा म्हणजे पहिली वेलांटी. ‘गणित’ या शब्दात वेलांटी ‘ण’च्या आधी उभी असते, पण उच्चारताना नंतर येते. मूल डावीकडून उजवीकडे जातं, ‘ग’नंतर वेलांटी दिसते, ते ‘गिणत’ वाचतं. यात त्याची बेपर्वाई नाही, डोळ्यांनी जे पाहिलं तेच त्याने वाचलं. वेलांटीची दांडी आणि तिच्या पुढचं अक्षर एकाच रंगाच्या खडूने लिहिलं की आठवड्याभरात सुटतं. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चारही असेच. ‘चमचा’तला च वेगळा आणि ‘चिमणी’तला वेगळा. हे समजावून सांगायचं नसतं. मूल शब्द आधीच बोलत असतं, योग्य उच्चार आपोआप लागतो. जोडाक्षरांचा खरा अभ्यास दुसरीचा. पहिलीत काही ओळखीचे जोडशब्द नुसते नजरेखालून गेले तरी पुष्कळ.

लिहिण्याबद्दल माझं ठाम मत आहे. दहा ओळी ‘क क क क’ गिरवून काही शिकणं होत नाही. दिवाळीनंतर मी मुलांना स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहायला सांगते. एका मुलीने लिहिलं होतं: ‘आजि बकरि राकते’. पालकांना यात तीन चुका दिसतील. मला दिसलं ते असं: शब्दांमध्ये जागा सोडली आहे, काना-मात्रा-वेलांटी कुठे हवी ते कळलं आहे, वाक्याला कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि सांगण्यासारखी गोष्ट आहे. ‘ख’च्या जागी ‘क’ आला, वेलांटी ऱ्हस्व पडली, ते दुसरी-तिसरीत जागेवर येतं. मी त्याच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं, ‘आजी बकरी कुठे राखते?’ आणि तिने उत्तर लिहिलं, ‘डोगरावर’. लाल पेनाने गोल केले असते तर हे उत्तर आलं नसतं. घरीही ऱ्हस्व-दीर्घावरून पहिलीच्या मुलाला कृपा करून टोकू नका.

गणितात सुरुवात मोजण्याआधी होते: लहान-मोठं, कमी-जास्त, पुढे-मागे, एकास एक जोडी. मग ९ पर्यंत संख्या, शून्य आणि दहा. दहाला आम्ही खूप थांबतो. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून गठ्ठा करायचा, आणि आता तो एक दशक. गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या हे हाताला कळलं की ३४ म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या हे आपसूक दिसतं. शंभर मण्यांची माळ असते, दहा-दहा मणी दोन रंगांत. खेळण्यातल्या दहाच्या आणि एक रुपयाच्या नोटा असतात. बेरीज म्हणजे एकत्र करणं आणि पुढे मोजणं. वजाबाकी म्हणजे काढून घेणं आणि फरक पाहणं. हे सगळं आधी वस्तूंनी, मग चित्रांनी, शेवटी चिन्हांनी. शिवाय आकार, वीत-हात-पावलाने मोजणं, वार, नाणी-नोटा.

तुमच्या पुतण्याचं शंभरपर्यंत लिहिणं इथे नीट पाहायला हवं. ओळीने १ ते १०० लिहिणं म्हणजे बऱ्याचदा एकं आणि दशकं स्तंभांत उतरवणं असतं. त्याला मधलीच संख्या विचारा. ‘सत्तेचाळीस लिही’ म्हणा. ‘५२ आणि २५ मध्ये मोठी कुठली, का?’ असं विचारा. सांगितलं तर उत्तमच, त्याचं कौतुक करा. नाही सांगता आलं तर तो आणि तुमची मुलगी जवळपास एकाच जागी आहेत.

मराठी संख्यानामं सहा वर्षांच्या मुलाला खरोखर जड जातात. ‘त्रेचाळीस’ ऐकताना तीन आधी कानावर येतात आणि चाळीस नंतर, म्हणून मूल ३४ लिहितं. अठ्ठावीसपर्यंत सुरळीत आलेलं मूल एकोणतीसला अडतं, कारण तिथे नऊ ऐकूच येत नाही, पुढच्या तिसाचं नाव येतं. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला बदलते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीने ‘वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला. मी वर्गात पाहिलेलं सांगते: काड्या हातात असताना ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असं दोन्ही एकापाठोपाठ म्हटलं की मुलं उलटं लिहायचं लवकर थांबतात. जुनी नावं कुठेही जात नाहीत, ती मुलांच्या तोंडी आणखी पक्की बसतात.

इंग्रजी मराठी माध्यमातही पहिलीपासून आहे, राज्यात २००० सालापासून. पहिलीत ते मुख्यतः कानाचं आणि तोंडाचं: गाणी, छोट्या सूचना, वस्तूंची नावं, मग अक्षरओळख. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय झाला होता, तो जूनअखेरीस मागे घेतला गेला. पहिलीच्या मुलावर दोन भाषा पुरे आहेत असं मलाही मनापासून वाटतं. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आणि बालभारतीची नवी पुस्तकं आली, त्यामुळे मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं वापरू नका. पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात.

कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे पूर्ण विषय आहेत, वेळ उरला तर घ्यायचे नव्हेत. रोज परिपाठ असतो: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. शनिवारी दप्तराला सुट्टी देऊन खेळ, परसबाग, गोष्टी असं घेतो. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची तयारी, २६ जानेवारीची कवायत. लाजरी मुलं याच दिवसांत उघडतात, म्हणून ‘नाचात काय वेळ घालवायचा’ असं म्हणून मुलीला त्यातून काढू नका.

परीक्षेचं काय? पहिली-दुसरीला शंभरपैकी ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि फक्त ३० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे, अशी रचना २०१० पासून रुळली आहे. आकारिक म्हणजे रोजचं बोलणं, वाचणं, खेळणं, करणं यांची नोंद बाई ठेवत असतात. प्रगतिपत्रकावर श्रेणी येते. ती कुठल्या अक्षराची आली यापेक्षा खालच्या नोंदी वाचा. चांगल्या बाईंनी तिथे तुमच्या मुलीबद्दल खरं काहीतरी लिहिलेलं असतं.

आता घरचं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट म्हटलं आहे आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोंच्या आत ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा सुट्टीत बाजारातले कित्ते आणून तासभर गिरवून घेऊ नका. भाकरी करताना तिला पिठाचा गोळा द्या. कांदे-बटाटे वेगळे करायला सांगा, ताटं मांडताना ‘पाच माणसं, तीन ताटं आली, अजून किती?’ असं विचारा. एसटीवरची पाटी, दुकानाचं नाव, बिस्किटाचा पुडा दाखवून वाचून दाखवा. रात्री दहा मिनिटं गोष्ट वाचा किंवा सांगा. स्वतःला वाचता येत नसेल तर तोंडी सांगितलेली आजीची गोष्टही तेवढीच कामाची. शाळेतून आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर येईल. ‘आज कोणाशेजारी बसलीस, कोण रडलं, खिचडीत काय होतं?’ असं विचारा, मग बघा.

आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते: रोज पाठवा. माझ्या वर्गात दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याकडे निघतात. आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेलं मूल टिकतं, सोबत गेलेलं मूल उन्हाळ्यात परततं तेव्हा अक्षरं जवळपास पुसून गेलेली असतात. हुशारी तीच, बुद्धी तीच, गेलेले असतात ते नेमके महिने ज्यात अक्षरांचे शब्द होतात. त्यांच्या आईबापांना पर्याय नसतो. आपल्याला असतो. जत्रा आणि लग्नं यांच्यापायी आठ-आठ दिवस बुडवू नका, विशेषतः दिवाळी ते फेब्रुवारी.

काळजी कधी करायची? ३ आणि ६ उलटसुलट होणं, अक्षर आरशातल्यासारखं काढणं हे दुसरीपर्यंत सर्रास आढळतं, त्याला घाबरू नका. शेजारचं मूल वाचतं आणि आपलं नाही, यातही दोन-तीन महिन्यांचा फरक नेहमीचा. मूल डिसेंबरमध्ये जन्मलेलं असेल तर जास्तच. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्याला प्रवेश मिळतो, त्यामुळे एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं आणि त्या वयात वर्ष फार मोठं असतं. पण जानेवारी उजाडला, मूल रोज शाळेत येतंय, तरी ‘घर, काम, मामा’ असे शब्दही जुळत नाहीत, तर बाईंना भेटा. मूल फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितं, डोळे बारीक करतं, मागून हाक मारली तर वळत नाही, असं दिसलं तर जानेवारीची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येतं, त्या दिवशी मुलीला नक्की पाठवा आणि शंका बाईंच्या कानावर आधीच घाला. ‘मठ्ठ’ ठरवलेल्या मुलाला चष्मा लागल्यावर महिन्याभरात वाचताना मी पाहिलं आहे.

पालकसभेला जाल तेव्हा ‘आमची कितवी?’ असं विचारू नका. विचारा: ती वर्गात बोलते का, तिची मैत्रीण कोण, कोणता अक्षरगट चालू आहे, चित्र झाकून तिला शब्द वाचता येतो का, आणि दशकाचा गठ्ठा ती स्वतः बांधते का. याची उत्तरं बाईंकडे तयार असतील तर शाळा चांगली आहे असं समजा आणि केजीच्या वहीकडे बघणं सोडून द्या. प्रवेशासाठी जन्मदाखला आणि आधार कार्ड आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये धावपळ होते.